दोंबुराको आणि टुणुक टुणुक: जपानच्या शाळेत शिकवायला येणाऱ्यांसाठी

पुण्याहून निघताना अप्पा बळवंत चौकातून एक दोनशेपानी वही घेतली होती, जपानी शब्द लिहून ठेवायला. तिच्या पहिल्या पानावर मात्र एकच ओळ आहे: "आज 'हानगाकु' वाचता आलं." हानगाकु म्हणजे अर्धी किंमत. संध्याकाळी सातच्या सुमाराला इथल्या सुपरमार्केटमध्ये एक कर्मचारी उरलेल्या खाण्याच्या डब्यांवर स्टिकर लावत फिरतो. तीन आठवडे मी त्या स्टिकरकडे नुसती बघत होते. त्या दिवशी ती दोन चित्राक्षरं एकदम ओळखीची वाटली. टोफूचा डबा उचलला, घरी आले आणि आधी वहीत लिहिलं, मग जेवले.

मी ओकायामा प्रांतातल्या एका लहान गावात इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. दोन प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक. या कामाला इथे सगळे 'एएलटी' म्हणतात. हे माझं चौथं वर्ष, आणि वही संपत आली आहे.

व्हिसा, पगार, करारातल्या अटी यांबद्दल माहिती सहज मिळते, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते पहिल्या वर्षाच्या दिवसांबद्दल. पहिल्या वर्षी मन खचतं ते बहुतेक एकाच कारणाने: दिवस संपतो आणि आज नेमकं काय जमलं ते सांगता येत नाही. जमलेलं असतंच, पण ते इतकं बारीक असतं की नजरेतून सुटतं. ते नजरेत यावं म्हणून काही गोष्टी ठरवून करायच्या असतात. त्या ज्या क्रमाने कराव्यात असं मला आज वाटतं, त्या क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: विमानात बसायच्या आधी दोन्ही लिप्या

हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या घरूनच शिकून या. मराठी माणसाला हे काम फार जड नाही, आणि का नाही ते ऐकण्यासारखं आहे. जपानी वर्णमालेचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली बाराखडी आणि क-च-ट-त-प शेजारी ठेवून बघा. कंठापासून ओठापर्यंत तोच प्रवास, आणि शेवटी तसेच य, र, व. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'पा' होता. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत आणि सिद्धम् लिपी जपानात पोचली, तिच्या अभ्यासातून ही मांडणी झाली. त्यामुळे जपानी शब्दकोश उघडला की कुठलं अक्षर कुठे सापडेल याचा अंदाज आपल्याला आधीच असतो. परक्या देशात पहिल्याच आठवड्यात एखादी गोष्ट 'आपली' निघणं याचं मोल मोठं आहे.

उच्चारांतही आपण सुखी. त्सुनामीतला 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्यांना छळतो, आपल्याला तो चुलीतला 'चू' म्हणून लहानपणापासून येतो. वाक्यात क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखंच. 'नो' म्हणजे चा-ची-चे. आणि वाक्याच्या शेवटी येणारा 'ने' म्हणजे सरळ आपला 'ना'. "सामुइ देसु ने" म्हणजे "थंडी आहे ना!" एवढ्या एका वाक्यावर पहिला हिवाळा निघतो.

दोन्हींपैकी काताकाना आधी घ्या. परदेशी शब्द त्या लिपीत लिहितात, त्यामुळे वाचलं की लगेच अर्थ लागतो. कोऽहीऽ, चीझु, मेन्यूऽ. बेकरीच्या दारावरचा 'पान' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, आणि आपला पावही त्यांच्याकडूनच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या दुकानासमोर उगाचच बराच वेळ उभी राहिले होते.

दुसरी पायरी: कागदपत्रं आणि कचरा

विमानतळावर मिळणारं रहिवासी कार्ड कायम जवळ ठेवा. घर मिळालं की १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. बँक आणि फोन यांच्यासाठी पहिल्यांदा शाळेतलं कोणीतरी बरोबर येतं, त्यांना खुशाल येऊ द्या.

कचऱ्याकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी बाटल्या, कुठल्या वारी कागद, याचा तक्ता नगरपालिका देते. तो फ्रिजवर चिकटवा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी लाल चिठ्ठीसकट तिथेच राहते आणि सगळी गल्ली ती बघते. सलग चार आठवडे पिशवी गेली की शेजारपाजारचे लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. माझ्या वहीत त्याची नोंद आहे.

तिसरी पायरी: पाच वाक्यं, रोज, न चुकता

शाळेच्या दारात बूट काढून आतले बूट घालायचे. त्यांना उवाबाकी म्हणतात, भारतातून येताना सोपे, हलके, फक्त घरात वापरायचे असे एक जोड आणा. मोठ्या मापाचे इथे पटकन मिळत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत शिरताना मोठ्याने "ओहायो गोझाइमासु". वर्गात जाताना "शित्सुरेइ शिमासु", म्हणजे आत येतेय, त्रास देतेय. काम संपवून येणाऱ्याला "ओत्सुकारेसामा देसु", दमलात हो. स्वतः आधी निघताना "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु", तुमच्या आधी निघते, माफ करा. पाचवं "योरोशिकु ओनेगाइशिमासु", ज्याचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. ओळख झाली, काम सुरू झालं, मदत मागितली, सगळीकडे ते चालतं.

पहिले महिनाभर उत्तर आलं नाही असं वाटलं तरी म्हणत राहा. मी ज्या शाळेत पहिल्यांदा रुजू झाले तिथले उपमुख्याध्यापक मान वर न करता हुंकार भरायचे. सहाव्या आठवड्यात मी तापाने दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दारात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांनीच आधी "ओहायो" म्हटलं आणि माझ्या टेबलावर संत्र्यांची एक छोटी जाळी ठेवलेली होती. ते रोज ऐकत होते.

याच यादीत घरचं एक वाक्य जोडा. बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो "इत्तेकिमासु". शब्दशः 'जाऊन येते'. घरातला माणूस म्हणतो "इत्तेराश्शाइ", 'जाऊन या'. आपणही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. माझ्या समोरच्या घरातल्या आजी सकाळी पावणेआठला अंगण झाडतात. पहिल्या जूनमध्ये एकदा त्या मला बघून "इत्तेराश्शाइ" म्हणाल्या. आई दारात उभी राहून "ये गं" म्हणायची, तसंच. मी सायकल थांबवली, "इत्तेकिमासु" म्हटलं आणि पुढच्या चढावर मला रडू आलं. एकट्याने राहणाऱ्याला रोज कोणीतरी हे म्हणणारं हवं. समोर, शेजारी, खालच्या दुकानात, कोणाशीही ही देवाणघेवाण सुरू करा.

चौथी पायरी: आठवड्याला वीस नावं

मुलांची नावं पाठ करणं हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात फळणारं काम. वर्गशिक्षकांकडे आसनतक्ता मागा, तो 'फुरिगाना'सकट मागा, म्हणजे चित्राक्षरांवर बारीक हिरागानात उच्चार लिहिलेला. एकाच चित्राक्षराचे वेगवेगळे उच्चार होतात, त्यामुळे नाव वाचून अंदाज बांधू नका. इथली माणसंही अनोळखी नाव विचारूनच घेतात.

मी आठवड्याला एकच वर्ग धरते आणि तक्ता जेवणाच्या टेबलावर ठेवते. पुढच्या आठवड्यात वर्गाबाहेर, व्हरांड्यात, पोहण्याच्या तलावापाशी नावाने हाक मारते. वर्गात घेतलेल्या हजेरीपेक्षा व्हरांड्यातली हाक मुलाला जास्त लक्षात राहते.

पाचवी पायरी: मुलांबरोबर जेवा, मुलांबरोबर झाडा

तुमच्या करारात हे लिहिलेलं नसेल. शाळेत पोचल्या पोचल्या विचारा: "मी वर्गात जेवू का? मी साफसफाईला येऊ का?" बहुतेक वेळा हो म्हणतात.

शाळेच्या जेवणाला क्यूशोकु म्हणतात. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलं मोठी पातेली वर्गात आणतात आणि स्वतः वाढतात. वाढून झाल्यावर सगळे हात जोडून "इतादाकिमासु", संपल्यावर "गोचिसोसामा". 'वदनी कवळ घेता' म्हणत वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून हे आपलं वाटतं. एखादं मूल गैरहजर असलं की त्याच्या वाटची पुडिंगची वाटी उरते आणि ती कोणाला यावर जानकेन होतं, म्हणजे दगड-कागद-कात्री. "साइशो वा गू, जानकेन पोन!" हे शिकून घ्या आणि त्यात उतरा. जिंकलात तर हरलेल्या मुलाला ती वाटी देऊ नका. मुलांना खेळ खरा हवा असतो. मी एकदा दिली, तर तिसरीतली ती मुलगी गंभीरपणे म्हणाली, "सेन्सेइ, तुम्ही जिंकलात." मी खाल्ली.

शाकाहारी असाल तर इथे नीट वाचा. नुसतं 'मी शाकाहारी' म्हणून कळत नाही. "निकु मो साकाना मो ताबेमासेन", मांसही नाही आणि मासेही नाही, असं मोजून सांगा. शिवाय 'दाशी'बद्दल वेगळं विचारा. सूप, भाजी, अंड्याचा रोल, सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असू शकतं. ते चालतं की नाही हे स्वतःशी आधी ठरवा, कारण समोरचा माणूस मनापासून मदत करतो आणि मग दर वेळी नवं उत्तर दिलं तर तो गोंधळतो. महिन्याच्या सुरुवातीला जेवणाचा तक्ता मिळतो, त्यावर खुणा करा आणि उरलेल्या दिवशी डबा न्या. डब्याने कोणी दुखावत नाही. उलट माझ्या पोळीभाजीमुळे चौथीच्या वर्गाशी जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या धड्यांमुळे झाल्या नसतील. एकच पथ्य: मुलांना आपल्या डब्यातलं काहीही द्यायचं नाही. ॲलर्जीच्या बाबतीत शाळा फार काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे. शिक्षकांच्या खोलीसाठी मात्र सुट्टीवरून येताना लोणावळ्याची चिक्की आणा, एकेक तुकडा वेगळा बांधलेली, आणि त्यात शेंगदाणे आहेत अशी जपानीत चिठ्ठी लावा.

जेवणानंतर साधारण पंधरा मिनिटं साफसफाई. सगळी मुलं, सगळे शिक्षक. फरशी पुसायच्या फडक्याला झोकिन म्हणतात. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला दुसऱ्या मजल्याचा जिना आला होता आणि बरोबर चौथीतला एक मुलगा. इंग्रजीच्या तासाला तो तोंड उघडत नसे, विचारलं की मान खाली. मी फडकं बादलीत बुडवून आपल्या पद्धतीने आडवं धरून पिळलं. त्याने बघितलं, माझ्या हातातून घेतलं, उभं धरलं, एक मूठ वर, एक खाली, कोपर अंगाजवळ घेऊन पिळलं. पाण्याची शेवटची धार गेली. मग ते पुन्हा बुडवून माझ्या हातात दिलं आणि इंग्रजीत म्हणाला, "टीचर, लुक." पुन्हा करून दाखवलं. "लुक." मी तसं पिळलं. त्याने मान हलवली: "ओके."

त्या मुलाच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले तीन इंग्रजी शब्द. वर्गात मी शिकवणारी, तो शिकणारा. जिन्यावर उलट होतं म्हणून ते आले, असं मला वाटतं. मुलाला आपल्याला काहीतरी शिकवू द्या. फडकं पिळणं, कागदाचा बगळा, पोहण्याच्या टोपीचा पट्टा, काहीही.

सहावी पायरी: वर्ग

पाचवी-सहावीत २०२० पासून इंग्रजी हा रीतसर विषय आहे आणि तिसरी-चौथीत गुण नसलेला परकीय भाषेचा तास. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. प्राथमिक शाळेत वर्ग मुख्यतः वर्गशिक्षकांचा आणि तुम्ही सोबतीला. हे विसरू नका, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. त्या माणसाला मुलं माहीत असतात. तासाआधी पाच मिनिटं त्यांच्या टेबलापाशी उभं राहून विचारा: आज कोण उदास आहे, कोणाला पुढे बोलवू नको.

पहिल्या महिन्यात मी रात्र जागून चित्रं, पडद्यावरच्या स्लाइड्स, गाणी अशी तयारी करून सहावीच्या वर्गात गेले. प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. दुसरा विचारला. पस्तीस मुलं आणि पंख्याचा आवाज. मी घाबरून स्वतःच उत्तरं देत सुटले आणि घंटा झाली. घरी आल्यावर वाटलं, आपल्याला हे जमणार नाही.

नंतर एका अनुभवी शिक्षिकेने समजावलं ते तसंच्या तसं सांगते. ती शांतता नकाराची नव्हती. सगळ्यांसमोर चूक होऊ नये म्हणून मुलं मनात वाक्य जुळवत होती, आणि मी त्यांना वेळच देत नव्हते. आता मी असं करते: प्रश्न विचारते आणि मनात दहापर्यंत मोजते, पूर्ण दहा. मग "शेजाऱ्याला सांगा". वर्गात एकदम गलका होतो. मी बाकांमधून फिरते, चांगलं उत्तर ऐकलं की त्या मुलाला हळूच विचारते, हे सगळ्यांना सांगशील? मान हलली तरच उभं करते. ज्याचं उत्तर शेजाऱ्याने ऐकून झालंय त्याला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटत नाही.

ओळखीच्या पहिल्या तासासाठी आपल्या गावाचा आणि त्यांच्या गावाचा खरा धागा शोधा. ताजमहाल, वाघ, हत्ती हे त्यांनी पाहिलेलं असतं. माझं नशीब असं की सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यानही म्हणतात, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. कोराकुएन १७०० साली पुरी झालेली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक. मी दोन फोटो शेजारी लावते आणि विचारते, यातली कुठली तुमची, कुठली माझी? दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो आणि मग सगळे फळ्यापाशी गोळा होतात. वाकायामात जाणार असाल तर तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण २०१५ मध्ये झालं. तोक्योच्या एदोगावा भागात असाल तर तिथल्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. धागा असतो, शोधावा लागतो.

आता ज्या तासाच्या नावाने हा लेख लिहायला घेतला त्याबद्दल. ओकायामा हे मोमोतारोचं गाव. नदीतून वाहत आलेल्या पीचमधून जन्मलेला हा मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना किबी-दांगो नावाचे पिठाचे गोळे खायला घालून सोबती करतो आणि राक्षसांच्या बेटावर जातो. ओकायामा स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे. तिसरीच्या वर्गात मुलं मला ही गोष्ट इंग्रजी शब्द आणि हातवारे जोडून सांगत होती. पीच नदीतून येतं तिथे सगळी एकसुरात म्हणाली, "दोंबुराको, दोंबुराको." पाण्यावर जड वस्तू डुलत येण्याचा हा आवाज. या गोष्टीत ते पीच बहुतेक याच शब्दाने येतं.

मी खडू घेतला आणि फळ्यावर भोपळा काढला. म्हटलं, माझ्या गावात अशीच एक गोष्ट आहे, तिच्यात फळाच्या आत म्हातारी बसलेली असते. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ. "वेट, वेट! आय ॲम थिन!" मुलांना थिन कळेना, मी गाल आत ओढले. लेकीकडची तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन परत येते तेव्हा भोपळ्यात बसते. आणि भोपळा कसा जातो? टुणुक टुणुक. ट आणि ण जपानीत नाहीत, त्यामुळे वर्गात उठलं ते "तुनुकु, तुनुकु". मग कोणीतरी उडी मारली. मग सगळ्यांनी. वर्गशिक्षक पण.

शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "टायगर… नो ईट?" मी म्हटलं, "नो ईट." तिने समाधानाने मान हलवली आणि बसली. तिला गोष्टीचं काळजीचं टोक कळलं होतं आणि ते तिने तिसऱ्याच भाषेत विचारलं होतं.

जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांना आवाजांचं वेड आहे. आपला पाऊस झिमझिम किंवा धो धो, त्यांचा शितो शितो किंवा झाऽ झाऽ. आपली छाती धडधडते, त्यांची दोकि दोकि. चांदण्या लुकलुकतात, तिकडे किरा किरा. मुलांना असे शब्द एकमेकांना विचारायला फार आवडतं. कोरा पाठ दिसला आणि तयारी नसली तर हा खेळ घ्या, ४५ मिनिटं पुरत नाहीत.

सातवी पायरी: शाळेबाहेर

दुकानात हिशेब करायला शिका. स्टिकरवर २ आणि पुढे 'वारी' असेल तर ती २० टक्के सूट, ३ असेल तर ३०. एक वारी म्हणजे दहावा भाग. दुकानदार पिशवी हवी का, गरम करून देऊ का विचारतो. नको असेल तर "दाइजोबु देसु" आणि हात किंचित हलवायचा. घरी नसताना पार्सल आलं तर दारात चिठ्ठी राहते. त्यावरचा यंत्राचा नंबर लावून, सूचना ऐकत आकडे दाबत पुन्हा मागवता येतं. मी तो फोन तिसऱ्या प्रयत्नात पुरा केला तेव्हा पार्सलमध्ये आईने पाठवलेले पोहे होते.

गावची बोली उचला. पुस्तकात 'फार'ला 'तोतेमो' आहे, ओकायामात 'देऽरेऽ'. जानेवारीत शिक्षकांच्या खोलीत हात चोळत मी "देऽरेऽ सामुइ" म्हटलं. आधी सगळे गप्प झाले आणि मग एवढा हसण्याचा लोट आला की मुख्याध्यापक बाहेर आले. त्यानंतर माझ्याशी कोणी पुस्तकी जपानी बोललं नाही. तुमच्या गावचा 'देऽरेऽ' कुठला ते पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. तो १९२८ मध्ये सुरू झाला. मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात येतात आणि रोज एक शिक्का मिळवतात. मी पहिल्या वर्षी संकोचून मागे उभी राहायचे. दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या काकांनी माझ्यासाठीही कार्ड आणलं. ते पूर्ण भरलेलं कार्ड वहीत चिकटवलंय.

आणि पीच. इथला पांढरा पीच झाडावरच एकेक कागदी पिशवीत झाकतात, म्हणून त्याची साल तशी फिकट राहते. अंगठ्याने दाबून बघायचा नाही. हापूसच्या पेटीतलं गवत बाजूला करून आंबा ज्या हाताने उचलतो, त्याच हाताने तो उचलायचा. बाजारात महाग असतो, पण जुलैअखेर समोरच्या आजी डाग पडलेले चार-पाच दारात ठेवून जातात. रिकामी पिशवी परत करताना तीत काहीतरी घालायचं, हे त्यांनी मला शिकवलं नाही आणि मलाही शिकावं लागलं नाही.

वाईट दिवस येतात. दिवाळी कामाच्या दिवशी येते, नोव्हेंबरचं ऊन साडेचारला कललेलं असतं, आणि फोनवर घरी फराळाचा आवाज असतो. त्या आठवड्यात एक रजा आधीच टाकून ठेवा. दुसरं, कंदील वर्गात न्या. पाचवीच्या मुलांनी ओरिगामीच्या कागदाचे कंदील करून व्हरांड्यात टांगले, पाच दिवस ते तिथे होते आणि मी दर मधल्या सुट्टीत त्यांच्याखालून जायचे.

वहीबद्दल

रोज एक ओळ, फार तर दोन. विजय लहान आहे म्हणून गाळायचा नाही. माझ्या वहीतली काही पानं: "न्हाव्याकडे कान दिसू दे म्हणाले, कान दिसतोय." "दंतवैद्याचा फॉर्म एकटीने भरला." "शेजारच्या बाईंनी रस्ता मला विचारला." "पहिलीतल्या मुलाने आसागाओचं पहिलं फूल दाखवायला हात धरून नेलं." हे आसागाओ म्हणजे निळं-जांभळं सकाळचं फूल, पहिलीतली मुलं कुंडीत लावतात आणि आपापल्या कुंडीला पाणी घालायला धावत येतात. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी मी मागची पानं वाचते आणि मग बहुतेक एखादी ओळ सुचते.

आठवी पायरी: मार्च

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या काही वर्षांनी बदल्या होतात, आणि मार्चअखेर ती यादी वर्तमानपत्रात येते. ज्यांच्या टेबलाशेजारी तुम्ही वर्षभर बसलात ते एप्रिलला नसतील, हे कोणी आधी सांगत नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच ज्यांचे आभार मानायचेत ते मानून घ्या, एखादा फोटो काढा. पहिल्या वर्षी संत्री ठेवणारे उपमुख्याध्यापक असेच गेले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना "ओत्सुकारेसामा देशिता" म्हटलं आणि त्यांनी, मान वर करून, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

सहावीच्या निरोपसमारंभाला गडद रंगाचे साधे कपडे घाला आणि रुमाल जवळ ठेवा. फडकं पिळायला शिकवणारा तो मुलगा गेल्या मार्चमध्ये तिथून बाहेर पडला. आता माझ्याच माध्यमिक शाळेत आहे, उंची वाढलीय, अजूनही कमी बोलतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवे आसनतक्ते निघतात. फुरिगानासकट मागून घ्या. पुन्हा वीस नावं.